वाटणीची गाडी

सवयीने हात आरशाकडे गेला आणि तिथे करण्यासारखं काहीच नव्हतं. मागचं फाटक, फाटकाशेजारची पाण्याची टाकी, टाकीवर वाळत टाकलेली कुणाची तरी चादर, सगळं जिथल्या तिथे, सरळ दिसत होतं. इतकी वर्षं दादाच्या इमारतीमागच्या अंगणातून गाडी काढताना तिला आधी त्या आरशात गाडीचं छत दिसायचं, कारण दादा तिच्यापेक्षा हातभर उंच. मग ती पुटपुटत आरसा खाली वळवायची, सीटखालची दांडी ओढून सीट पुढे घ्यायची, पाठ सरळ करायची, आणि एवढं सगळं झाल्यावर गाडी पंधरा दिवसांसाठी तिची व्हायची. आज सीटही पुढेच होती. पाय बरोबर क्लचवर पडला. चप्पल काढून उंबरा ओलांडावा आणि घर आपलंच निघावं तसं वाटलं तिला क्षणभर, आणि लगेच त्या वाटण्याच्या पोटात काहीतरी टोचलं. गाडी पंधरा दिवस दादाकडे होती. पंधरा दिवसांत दादा एकदाही या सीटवर बसला नव्हता. वर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत तो उभा होता, नेहमीसारखा हात हलवत. तिने काच खाली करून विचारलं, "दादा, गाडी काढली नाहीस का रे?" तो हसला, मान डोलावली आणि आणखी जोरात हात हलवला. तिला वाटलं, उडवून लावतोय. तिने चोक ओढला, किल्ली फिरवली. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि सुरू झाली.

गाडी वडिलांची. त्यांनीही ती कुणाकडून तरी जुनीच घेतलेली, साईच्या रंगाची. पुढे ऊन खाऊन तो रंग वर्तमानपत्रासारखा पिवळा पडला. वडील गेले तेव्हा तिचा घटस्फोट नुकताच झाला होता, लेक शाळेत जात होती, आणि कानाच्या दवाखान्यातली नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला. वाटणीत वाटण्यासारखं फारसं नव्हतंच. गाडीला गिऱ्हाईक आलं होतं, पण दादा म्हणाला, "विकायची कशाला? पंधरा दिवस तुझ्याकडे, पंधरा दिवस माझ्याकडे. खर्च निम्मा निम्मा." वहिनी तेव्हा होती. ती म्हणाली, "गाडी आहे की सासूबाई? पंधरा दिवस या सुनेकडे, पंधरा दिवस त्या सुनेकडे!" आणि सगळे पहिल्यांदाच मोकळेपणी हसले. तिला चालवता येत नव्हतं. वडिलांनी दादाला शिकवलं होतं, तिला मागच्या सीटवर बसवून. दादाने तिला शिकवलं, गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात, रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर. पुलांचे नकाशे काढायचा तो. दिवसभर एका टेबलावर वाकून रेघा ओढलेला माणूस संध्याकाळी तिच्या शेजारी ताठ बसायचा आणि म्हणायचा, "रस्त्याकडे बघ, पण गाडीचं ऐक. गियर कधी बदलायचा ते ती सांगते. घाई झाली की ओरडते, दम लागला की कण्हते." ती म्हणायची, "मला काहीच ऐकू येत नाही." त्यावर तो हसून म्हणायचा, "धाकटे, लोकांचे कान तपासतेस ना तू? मग तुझे कोण तपासणार?" त्या मैदानात धूळ उडवत गोल गोल फिरताना आपला संसार मोडलाय ही गोष्ट ती थोडा वेळ विसरायची. पुढे लोकांनी तिला विचारलं, त्या दिवसांतून कशी सावरलीस, तेव्हा तिने नोकरीचं नाव घेतलं, लेकीचं घेतलं. गाडीचं कधी घेतलं नाही. गाडीचं नाव घ्यायचं म्हणजे हसं व्हायचं.

कारण गाडी तशी होतीच. डावीकडचा मागचा दरवाजा उचलून लावावा लागे. मागची एक काच खाली जायची ती वर यायचीच नाही, म्हणून ती कायमची बंद करून टाकलेली. पुढच्या सीटखाली पाण्याची बाटली, कारण चढावर रेडिएटर तापायचा. सायलेन्सरला भोक पडलं की लेक गल्लीच्या टोकालाच उतरायची, "आई, मी ओळखत नाही हं तुला," म्हणत. गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणत. जाड आवाजाचा, पोट सुटलेला, बोलघेवडा माणूस. बॉनेट उघडून तो आधी दोन मिनिटं नुसता बघत राहायचा, मग निर्वाळा द्यायचा, "इंजिन शंभर टक्के आहे ताई. बाकी सगळं बदलू या." ती दवाखान्यात हा विनोद सांगायची आणि तिथले खरे डॉक्टर कसनुसं हसायचे. क्लचची वायर, कार्ब्युरेटर, पंप, पुन्हा क्लचची वायर. काही भाग मिळेनासे झाले तेव्हा डॉक्टर कुठल्या तरी मेलेल्या गाडीतले काढून आणायचा. दर दुरुस्तीनंतर दादाला फोन, निम्म्याचा हिशोब, आणि दादाचं ठरलेलं वाक्य, "बघ, आता दहा वर्षं बघायला नको." खरं तर त्या रकमांत दोघांनाही केव्हाच थोडी बरी गाडी घेता आली असती. तसं दोघंही बोलून दाखवत नव्हती. तिला वाटे, दादाचा जीव अडकलाय तिच्यात, बाबांची म्हणून. दादाला काय वाटत होतं ते तिने कधी विचारलं नाही.

वहिनी गेल्यापासून अदलाबदलीची रीतही बदलली होती. पूर्वी आपल्या पाळीला दादा गाडी न्यायला यायचा, तिची पाळी आली की आणून सोडायचा. आता म्हणायचा, "तूच ये ना न्यायला. सोडायलाही तूच ये. तेवढीच भेट." ती जायची. गाडी सोडून बसने परत यायचं, पंधरा दिवसांनी बसने जाऊन गाडी आणायची. शनिवारची सुट्टी अशी अर्धी सांडायची. गेली की तो चहा करायचा, कप धुवायची ती, आणि मग, "चल, एक चक्कर." चालवायची तीच. तो शेजारी बसून तळहात डॅशबोर्डवर पसरून ठेवायचा, एखाद्या तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. मध्येच विचारायचा, "इंजिनात टॅपेटचा आवाज येतोय का गं?" "येतोय." "कसा? नीट सांग." ती वैतागून सांगायची, "जीभ टाळ्याला लावून काढतात ना, तसा. टक, टक." "अंतर एकसारखं आहे का?" "दादा, मी काय परीक्षेला बसलेय का?" मग तो स्वतःच दुसरंच काहीतरी बोलायला लागायचा, लांबलचक, मध्ये कुणाला जागा न ठेवता. हल्ली तो फार बोलायला लागलाय असं तिला वाटे. एकटा पडला की माणूस बोलका होतो, असं तिने लेकीला समजावूनही सांगितलं होतं. दवाखान्यात तिच्यासमोर रोज असे लोक बसत. समोरच्याला बोलू दिलं तर उत्तर द्यावं लागेल, म्हणून स्वतःच बोलत सुटणारे, हसून मान डोलावणारे, ओठांकडे टक लावून बघणारे. ते खुर्चीत बसायच्या आधीच ती ओळखायची. नवीन लागलेल्या मुलींना ती शिकवायची, "यंत्र नंतर लावा, आधी माणूस कसा बघतो ते बघा." शनिवारी मात्र तिला सुट्टी असे.

आरसा वळवावा लागला नाही त्या सकाळनंतर पंधरा दिवसांनी तिने गाडी परत नेऊन सोडली, आणि पुढच्या खेपेला न्यायला गेली तेव्हा पहिल्यांदा आरसाच बघितला. तसाच. किलोमीटरचा आकडाही जवळजवळ तोच. टपावर झाडाची वाळकी पानं साचली होती, वायपरच्या फटीत कोळ्याने घर केलं होतं. गाडी मात्र एका फटक्यात सुरू झाली, आणि त्याचंही कारण तिला त्याच आठवड्यात कळलं. ब्रेक दाखवायला गॅरेजमध्ये गेली असता डॉक्टर सहज बोलून गेला, "बॅटरी उतरते हो उभी राहून. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी दादा मला बोलावतात. मी येऊन चार्ज करतो, हवा भरतो. म्हटलं, दादा, चालवत का नाही? तर म्हणतात, बहिणीला लागते, चालू राहायला पाहिजे. तुम्हाला ठाऊक असेलच." तिने मान डोलावली. गॅरेजच्या काळ्या फरशीवर उभी राहून तिला एकदम खूप दमल्यासारखं झालं, आणि त्या दमण्यातून राग वर आला. म्हणजे गाडी त्याला नकोच आहे. माझ्यावर उपकार म्हणून चाललंय सगळं. आणि मी, त्याचा जीव अडकलाय म्हणून, इतकी वर्षं हे धूड ओढतेय, उन्हात शिजतेय, दोन बस बदलून शहर पालथं घालतेय. का चालवत नाहीस, हा साधा प्रश्न तिच्या मनात आला होता. तो प्रश्न रागाच्या मागे उभा होता, एवढंच. थोडं बाजूला सरून बघितलं असतं तर दिसला असता. पुढे अनेक दिवस तिला आठवत राहिलं की त्या क्षणी तिने सरून बघितलं नाही. पर्स उघडून ब्रेकचे पैसे चुकते केले, आणि घरी येऊन लेकीला म्हणाली, "आपण गाडी घेऊ या. नवी. थंड हवेची."

दादाकडे बोलली ती कप धुताना. नळ चालू होता, तिची पाठ त्याच्याकडे होती. तोंडावर बोलायचा धीर होत नव्हता म्हणून तिने मुद्दामच तशी वेळ निवडली होती. "दादा, गाडी विकू या." मागून काहीच आलं नाही. लागलं याला, असं मनात येऊन तिने नळ बंद केला. तो टेबलाशी बसून बिस्किटाचा पुडा उघडत होता, चेहरा अगदी निवांत. तिला त्या निवांतपणाची चीड आली. ती वळली, त्याच्या पुढ्यात उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली, जरा जोरातच, "गाडी विकू या म्हणतेय. तू तर हातही लावत नाहीस तिला. मला सगळं कळलंय." तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचा चेहरा आधी उतरला, मग हळूहळू सावरला, आणि तिने रात्रभर जुळवून ठेवलेली कारणं वापरायची वेळच आली नाही. तो म्हणाला, "विकू या की. तू दमतेस. मी बघतोय." एवढंच. नंतर बिस्किटं पुढे केली. ती खाताना तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही याचा तिला पुन्हा रागच आला.

गिऱ्हाईक डॉक्टरनेच आणलं. तशीच दुसरी गाडी असलेला एक माणूस होता, त्याला फक्त इंजिन हवं होतं. उरलेली गाडी तो भंगारात देणार होता आणि ते त्याने मोकळेपणाने सांगितलं. अंगणात बॉनेट उघडून चौघं उभी राहिली. त्या माणसाने दादाला विचारलं, "आवाज ठीक आहे ना काका? तुमचा हात बसलाय हिच्यावर." दादा म्हणाला, "बहिणीला विचारा. कानाचं काम तिचं." सगळे हसले. तीही हसली. ती म्हणाली, "टॅपेट थोडे वाजतात, बाकी छान आहे." दादाने तेव्हा तिच्याकडे बघितलं होतं, आणि ते बघणं कौतुकाचं होतं की कसलं, ते तिला त्या वेळी ओळखता आलं नाही. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळताना मागचा दिवा एकदा लागला. दादा चटकन आत गेला नाही. अंगणात जिथे गाडी उभी असायची तिथे तेलाचा काळा डाग पडला होता. त्याच्या कडेने तो उगाच दोन पावलं फिरला. "चहा घेऊन जा," म्हणाला. ती म्हणाली, "नको रे, शोरूमवाल्याची वेळ घेतलीय." त्याला ते नीट कळलं की नाही कोण जाणे. तो आत जाऊन आधण ठेवायला लागला, आणि ती दारातूनच ओरडून निघाली.

नवी गाडी चांगली होती. पांढरी, आवाज न करणारी, पट्टा लावला नाही तर पियानोच्या एका सुरासारखं काहीतरी वाजवून आठवण करून देणारी. लेक आता गल्लीच्या टोकाला उतरत नव्हती. हप्ते पगारातून आपोआप जात. शनिवार मोकळे झाले. पहिल्या शनिवारी ती उशिरापर्यंत झोपली, दुसऱ्या शनिवारी कपाटं आवरली, तिसऱ्या शनिवारी काय करावं ते तिला सुचेना. दादाला फोन केला. "कसा आहेस?" "हो हो, जेवलो," दादा म्हणाला. "अरे, कसा आहेस विचारतेय." "नाही, आता झोपणारच आहे." तिला वाटलं, तुटक बोलतोय. "रविवारी येऊ का?" "ठीक आहे, ठीक आहे, ठेवतो," आणि फोन ठेवला गेला. रविवारी ती गेली तर दाराला कुलूप. तो कुठेतरी फिरायला गेला होता. जिन्यात वाट बघून ती परत फिरली आणि घरी येईपर्यंत तिची खात्री पटली की हा फुगून बसलाय. गाडी विकली म्हणून. तोंडाने हो म्हणायचं आणि मनात धरून ठेवायचं, बाबांचाच स्वभाव. पुढे तो फोन उचलेनासा झाला. त्याऐवजी मेसेज लिहून पाठवायचा, "ठीक. काळजी नसावी." ऑफिसच्या पत्रात शोभणारं ते 'नसावी' वाचून तिचं डोकं फिरायचं. लेक म्हणाली, "अगं, जाऊन ये ना सरळ." ती म्हणाली, "मीच का नेहमी? इतकी वर्षं मीच जात होते." असं म्हणताना तिला आतून माहीत होतं की जायला तिला कारण हवंय. किल्ली द्यायची, किल्ली घ्यायची, हे कारण होतं. कारणाशिवाय भावाच्या दारात उभं राहायचं, तर काय म्हणून उभं राहायचं, ते ती विसरून गेली होती. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगचा निरोप आला तेव्हा ती दचकलीच. एवढे महिने गेले? त्याच सुमारास एकदा बाजारात डॉक्टर भेटला. "दादा येतात अधूनमधून गॅरेजला. बसतात, गप्पा मारतात तासभर," त्याने सांगितलं. म्हणजे त्याच्याशी गप्पा चालतात. फक्त माझ्याशी वाकडं. ते तिने मनाच्या एका कोपऱ्यात नीट घडी घालून ठेवलं.

दवाखान्यात त्या दिवशी गर्दी बेताची होती. बाहेरची मुलगी नंबर पुकारत होती. एक नंबर तिने पुकारला, पुन्हा पुकारला, मग आत येऊन कुरकुरली, "बाई, पुढचा पेशंट येतच नाहीये. गेला वाटतं." कानाच्या दवाखान्यात हे नेहमीचंच. ती म्हणाली, "अगं, जाऊन खांद्याला हात लाव," आणि दाराच्या काचेतून सहज बाहेर बघितलं. भिंतीकडेच्या बाकावर, हातात चिठ्ठी धरून, इस्त्रीचा शर्ट घालून दादा बसला होता. समोरच्या भिंतीवरच्या कानाच्या आतल्या नळ्यांच्या रंगीत चित्राकडे तो इतक्या लक्षपूर्वक बघत होता, की कुणी बोलावलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. मुलीने जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तो दचकून उठला, अपराध्यासारखा हसला, मान डोलावली. ते हसणं, ते मान डोलावणं. तिने रोज बघितलेलं, रोज नव्या मुलींना शिकवलेलं. खिडकीत हात हलवणारा दादा तिला दिसला, बिस्किटाचा पुडा उघडणारा दिसला. आवाज कसा येतोय, नीट सांग, म्हणणारा दिसला.

तो आत आला, समोर बसला आणि म्हणाला, "धाकटे, रागावू नकोस. दुसरीकडे जाणार होतो. मग म्हटलं, तुझ्याकडेच जावं." ती काही बोलली, काय ते तिलाही कळलं नाही. त्याने हात पुढे करून तिला थांबवलं, "हळू. आणि माझ्याकडे बघून." तिने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांना तपासणीचं यंत्र लावलं, हातात बटण दिलं आणि खुणेने सांगितलं, ऐकू आलं की दाबायचं. जाड आवाज त्याला ऐकू येत होते. तिच्यासमोरचा दिवा लागत होता. मग ती बारीक सुरांकडे वर वर चढत गेली आणि दिवा लागेनासा झाला. मध्येच लागला, आणि तिच्या लक्षात आलं की तो तिच्या खांद्याची हालचाल बघून दाबतोय, तिला बरं वाटावं म्हणून. तिने खुर्ची फिरवली आणि त्याच्याकडे पाठ केली. नियमच आहे तो. पाठ करून बसल्यावर तिला डोळे पुसायलाही सोयीचं झालं. कागदावरची त्याच्या ऐकण्याची रेघ थोडी सरळ चालून मग जी उतरली ती उतरतच गेली. अशी रेघ एका वर्षात होत नाही. गॅरेजमधल्या डॉक्टरचा जाडा आवाज त्याला आजही बराचसा ऐकू येत असणार. बारीक आवाज आधी जातात. बायकांचे, मुलांचे. म्हणजे सगळ्यात आधी तिचा गेला असणार. आणि शब्दांच्या कडा एकदा बोथट झाल्या की ऐकण्याचं यंत्र लावूनही त्या पुरत्या परत येत नाहीत. लवकर आला असता तर बरंच राखता आलं असतं. हे वाक्य ती किती जणांच्या नातेवाइकांना बोलली होती, थोड्या नाराजीच्या सुरात, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं विचारत.

संध्याकाळी तिने त्याला आपल्या गाडीत बसवलं. त्याने डॅशबोर्डवर हात ठेवला, काढला. "चालू आहे का?" त्याने विचारलं. तिने होकाराची मान हलवली. रस्त्याला लागल्यावर ती बोलायला लागली आणि मध्येच थांबली, कारण रस्त्याकडे बघायचं तर तोंड त्याच्याकडे नव्हतं. पुढे एका बंद दुकानापुढे जागा दिसली, तिथे तिने गाडी कडेला घेतली, त्याच्याकडे वळली आणि विचारलं, "कधीपासून? मला का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "चालवणं बंद केलं ते एका दिवसामुळे. मोठ्या चौकात होतो. पुढे रांग, सिग्नल लाल. एकदम एक माणूस धावत आला, माझी काच ठोकायला लागला, तोंड वेडंवाकडं करून. मला वाटलं, मारायला आलाय. मागे बघितलं तर ॲम्ब्युलन्स. माझ्या अगदी पाठीशी. किती वेळ ओरडत होती कुणास ठाऊक. सगळ्या गाड्या बाजूला झालेल्या, मध्ये मी एकटा. घाबरलो तर गाडी बंद पडली. चोक ओढला, सुरू होईना. लोकांनी ढकलून बाजूला घेतली. ॲम्ब्युलन्स गेली. आत कोण होतं, पोचलं का वेळेवर, कधी कळलं नाही मला." तो तिच्याकडे वळला. "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, गाडी बंद कर. बरोबरच म्हणाली असतीस. मग तू कशाला आली असतीस दर पंधरा दिवसांनी एवढ्या लांब?"

मी तुझ्यासाठीच ती गाडी ठेवली होती, असं तिला म्हणायचं होतं. ते खरं होतं, आणि आता त्याचा उपयोग नव्हता. ती फक्त त्याचा हात धरून बसली. दुकानाच्या पायरीवर एक बाई पिशव्या ठेवून दम खात होती, ती या दोघांकडे बघत राहिली.

यंत्र बसवलं, पण दादाचं त्याच्याशी जमलं नाही. भांड्यांचा, पंख्याचा, कागदाचा गोंगाट मोठा झाला, शब्द मात्र तसेच भिजलेल्या अक्षरांसारखे फिसकटलेले. तो थोडे दिवस घालायचा, थोडे दिवस डबीत ठेवायचा. ती आता दर रविवारी जाते, कारण न शोधता. जायच्या आधी फोन करत नाही. चहा होतो, मग दोघं बाहेर पडतात, कधी शहराबाहेरच्या जलाशयापर्यंत, कधी नुसतीच इकडेतिकडे. तो बोलतो, ती ऐकते. तिला काही बोलायचं असलं की गाडी कडेला घ्यावी लागते. त्यामुळे क्षुल्लक गोष्टी बोलायच्या राहून जातात आणि उरलेल्यांना जागा शोधावी लागते. एका वाटेवर त्या दोघांच्या अशा थांबायच्या जागा ठरून गेल्यात. मागे सरकून, तोंडं एकमेकांकडे करून बसलेली ही दोन वयस्क माणसं भांडताहेत की काय, असं जाणाऱ्यायेणाऱ्यांना वाटत असेल.

परवा एका अरुंद रस्त्यावर, जिथे थांबायला मुळीच जागा नव्हती, तिला राहवलं नाही. तिने ब्रेक लावला आणि त्याच्याकडे वळून एक एक शब्द सुटा करत म्हणाली, "दादा, ती गाडी विकायला नको होती."

तो तिच्या ओठांकडे बघत होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मग तिच्या मागच्यानेही.

"गाडी विकायलाच हवी होती," तो म्हणाला. "तू येत राहायला हवं होतंस."

हॉर्न वाजत राहिले. त्याला ते ऐकू येत नव्हते आणि ती अजून त्याच्याकडेच वळलेली होती. शेवटी कुणीतरी खाली उतरून काचेशी येताना दिसलं, तेव्हा तिने गियर टाकला आणि गाडी पुढे घेतली.